पावणेदोन हातांचा दरवाजा

लेथ मशीन तळघरात उतरवणं फारसं अवघड नाही, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यापैकी एकाच्याही घरी तळघर नव्हतं, आणि लेथ तर कोणी जवळून पाहिलीही नव्हती. पण सल्ला द्यायला वस्तू घरी असावी लागत नाही. उलट नसली तर सल्ला मोकळ्या मनाने देता येतो.

मी कोराडीच्या वीज केंद्रात, स्टोअर्समध्ये कारकून. वर्कशॉपला लागणारं सगळं सामान माझ्या खिडकीतून जातं. पुढे त्याचं काय होतं ते पाहायला मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वर्कशॉपच्या दारात उभा राहायचो. लेथवर लोखंडाचा एक रांगडा तुकडा चढायचा, मशीन फिरायची, आणि थोड्या वेळाने त्याचा चकचकीत गोल दांडा झालेला असायचा. खाली लोखंडाच्या कुरळ्या शेवया पडायच्या. मी त्यातली एक खिशात घालून घरी आणायचो. त्यावर वच्छलेचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं असं की लोकांचे नवरे येताना संत्री आणतात.

तिला सांगून उपयोग नव्हता, पण माझं दुखणं वेगळंच होतं. आमचं घराणं कोष्ट्यांचं. आजा विणायचा, बाप विणायचा, काका-मामा सगळे विणायचे. घराण्यात आपल्या हाताने काहीही न बनवणारा पहिला पुरुष मी, शरच्चंद्र धोंडबाजी हेडाऊ. लोक याला प्रगती म्हणतात. मीही चारचौघांत तसंच म्हणायचो, पण मनाला ते लागायचं. म्हणून कामठी रोडवरची एक कापसाची जिनिंग बंद पडून तिचा लिलाव निघाला, तेव्हा मी तिथली जुनी लेथ घेऊन टाकली. पैशांबद्दल मी बोलत नाही. वच्छलाही अजून बोललेली नाही, आणि मला खरी भीती त्याचीच आहे.

मशीन ठेवायची कुठे हा प्रश्नच नव्हता. गोळीबार चौकाच्या मागे आमचं घर आहे आणि घराखाली तळघर आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात वरच्या खोलीत माग लावला तर सूत कोरडं पडून सारखं तुटतं. म्हणून बाबांनी तरुणपणी स्वतः खणून ते तळघर केलं आणि त्यात माग बसवला. वर्षानुवर्षं आमच्या अंगणात बोलणारा माणूस खालच्या खटक-खटकवर आवाज चढवूनच बोलायचा. मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि एक साडी अर्धवट असतानाच माग थांबला. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला आणि बाबांनी आता आराम करायचा असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी. ते ओसरीवर बसून गल्लीतली वर्दळ बघत. खाली कोणी बसत नाही म्हणून तळघरातला दिवा काढून मी ओसरीत लावला. लेथ घ्यायचं ठरल्यावर माग खोलून त्याची लाकडं कोपऱ्यात रचली, आणि सूत गुंडाळलेला तुरा, म्हणजे मागाचा लाकडी रूळ, अर्ध्या साडीसकट जुन्या लुगड्यात बांधून वर ठेवून दिला.

"बाबाइले विचारलं का तुम्ही?" वच्छला म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? सांगितलं ना."

बाबांना मी खरंच सांगितलं होतं. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा गल्लीकडे पाहू लागले. मी त्या "बरं"वर खूश होतो.

आता मापाचं सांगतो. लिलावाच्या ठिकाणी माझ्याकडे टेप नव्हता. पण कोष्ट्याच्या पोराला टेप कशाला लागतो? कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, याच मापावर आमच्या घराण्याने अख्ख्या नागपूरला साड्या नेसवल्या. मी कोपर टेकवून मशीन मोजली. जिथे ती सगळ्यांत रुंद होती, म्हणजे गियरच्या पेटीपाशी, तिथे ती भरली दीड हात आणि वर चार बोटं. घरी आल्यावर बाबांना म्हटलं, "बाबा, तळघराचा दरवाजा किती असंल?"

बाबा उठले, काठी टेकत गेले, चौकटीला कोपर लावलं आणि येऊन म्हणाले, "पावणेदोन हात."

मशीन आत जाऊन वर जागा उरत होती. स्टोअर्समध्ये सुतळीसुद्धा टेप लावल्याशिवाय न देणारा मी, पण बापाने दिलेलं माप पुन्हा मोजणं आमच्यात बसत नाही.

घटस्थापनेच्या दिवशी मशीन घरी आली. मुहूर्त वगैरे काही नाही, बंडीवाल्याला तोच दिवस मोकळा होता. बैलांच्या बंडीवर मशीन उभी आणि तिला वरून खालपर्यंत मेणकापड बांधलेलं, कारण गल्लीत पोचायच्या आधीच कोणाची दृष्ट लागू नये अशी आमच्या आईची, गोदूबाईंची, ताकीद होती. झालं असं की आमच्या गल्लीतल्या मंडळाची देवीची मूर्ती त्याच वेळी यायची होती आणि तिला उशीर झाला होता. बंडी वळणावर दिसताच ढोल सुरू झाला. दोन बायका आरत्या घेऊन धावल्या. मी पुढे चालत होतो, त्यामुळे पहिलं कुंकू मला लागलं. "देवी नाही, मशीन आहे" असं मी ओरडून सांगत होतो, पण ढोलापुढे माणसाचा आवाज तो किती? बैलांचे पाय धुऊन झाल्यावर कोणीतरी मेणकापड उचललं आणि ढोल अचानक थांबला. मी आजवर बऱ्याच शांतता अनुभवल्या आहेत, ऑडिटच्यासुद्धा, पण इतकी जड शांतता नाही. त्यानंतर नऊ दिवस मी गल्लीतून गेलो की एखादा टारगट हात जोडायचा.

मशीन अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली उतरली आणि तिथेच राहिली. कारण उतरवणारी माणसं नवमीलाच मोकळी होणार होती. तोपर्यंत विजेचं काम करून घ्यावं म्हणून मी विजेच्या ऑफिसात गेलो. लेथला साधी वीज पुरत नाही, तीन फेजचं कनेक्शन लागतं. काऊंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "मशीन बसवली का?"

"कनेक्शन मिळालं की बसवतो."

"बसवल्याशिवाय इन्स्पेक्शन नाही. इन्स्पेक्शनशिवाय कनेक्शन नाही."

"अहो, मी कोराडीलाच असतो. वीज आम्हीच तर पाठवतो तुम्हाला."

त्या गृहस्थांनी माझा अर्ज उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "मग तिकडूनच घेऊन या ना भाऊ, डब्यात भरून." मागच्या रांगेतली सगळी माणसं हसली. शेवटी इन्स्पेक्टर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येईल, मशीन जागेवर असली पाहिजे, नसली तर पुढचं पुढच्या वर्षी, असं ठरलं. म्हणजे नवमीला मशीन खाली गेलीच पाहिजे होती.

इकडे अंगणात सल्लागारांचं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष अर्थातच शेजारचे ईश्वरदासजी. हे बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांनी कित्येक पुलांच्या फायली हलवल्या होत्या आणि हळूहळू पूल आपणच बांधले अशी त्यांची खात्री झाली होती.

"मशीन खोलू नको बरं का शरद," ते म्हणाले. "खोलली की तिची सेटिंग जाते. पूर्ण जाऊ दे. फळ्या टाक पायऱ्यांवर, दोर बांध लिंबाला, अन् मी खाली उभा राहून इशारा देतो. पूल असाच चढवतात."

"पूल चढवतात, हे उतरवायचं आहे," मी म्हणालो.

"तेच ते. उलटं करायचं."

बाबा ओसरीवरून हे सगळं ऐकत होते. मी एकदा म्हणालो, "बाबा, तुम्हाले काय वाटते?" ते म्हणाले, "मले काय वाटायचं हाय? मशीन तुही." आणि त्यांनी चष्मा धोतराला पुसला.

नवमीला सकाळीच देवराव आपली चार माणसं घेऊन आले. कोराडीत जड सामान उचलायचं कंत्राट त्यांचंच असतं, त्यामुळे ओळख जुनी. त्यांनी पायऱ्या पाहिल्या, फळ्या टाकल्या, खाली पाइपांचे रूळ घातले आणि दोर लिंबाला वेढला. "भाऊ, दरवाज्यातून जाईल ना? मोजलं हाय ना?" त्यांनी विचारलं.

"मोजलं आहे. जागा उरते," मी म्हणालो. या वाक्यातला रुबाब मला अजून आठवतो आणि आठवला की मी विषय बदलतो.

ईश्वरदासजी इशारा द्यायला खाली गेले. बाबा तर आधीच खाली होते. खांडेनवमीला हत्यारांची पूजा करायची असते, कोष्ट्याने मागाची, म्हणून ते सकाळीच हळद-कुंकू घेऊन कोपऱ्यातल्या लाकडांपाशी जाऊन बसले होते. "बाबा, वर या, मशीन येऊन राहिली," मी वरून हाक मारली. आतून उत्तर आलं, "पूजा अर्धी टाकून येऊ काय गा?" म्हटलं, राहू दे, एका बाजूला बसतील.

मशीनचं निमुळतं टोक पुढे गेलं. दोर करकरला. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या," खालून ईश्वरदासजी ओरडत होते. मशीन फळ्यांवरून इंचाइंचाने सरकत गेली आणि मागची गियरची पेटी चौकटीत शिरली. मग एक आवाज झाला. मोठा नाही, जुन्या कपाटात फुगलेला खण बसतो तसा. आणि मशीन थांबली.

"येऊ द्या," ईश्वरदासजी म्हणाले.

"कुठून येऊ द्या?" देवराव म्हणाले. "दादा, ते फसलं ना."

धड अलीकडे नाही, धड पलीकडे नाही. मी चौकटीजवळ गेलो आणि पहिल्यांदाच दरवाज्याला माझं स्वतःचं कोपर लावलं. दीड हात. वर जेमतेम एक बोट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आईच्या वळणावर गेलेलो, उंच, लांब हाडांचा. बाबा ठेंगणे. माझा हात आणि बाबांचा हात हे दोन वेगळे हात आहेत, ही गोष्ट इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून जेवतानाही माझ्या लक्षात आली नव्हती.

"सब्बल लावून मागं ओढतो," देवराव म्हणाले, "एका घंट्याचं काम हाय."

त्यांनी सब्बल, म्हणजे पहार, उचललीही होती, पण माणसं पाणी प्यायला म्हणून जरा टेकली आणि तेवढ्या वेळात आई स्वयंपाकघरातून तबक घेऊन बाहेर आली. घरातली सगळी हत्यारं तिने आधीच ओळीने मांडून पुजली होती: विळा, अडकित्ता, वच्छलेचं शिवणाचं मशीन, माझी सायकल. आता ती थेट लेथपाशी आली, गियरच्या पेटीवर पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची ओढली, झेंडूची माळ घातली आणि पेटीच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. लेथवर नारळ इतका स्वच्छ फुटतो हे मला माहीत नव्हतं. मागोमाग शेजारच्या बायका आल्या. मंडळाच्या देवीच्या वेळी झालेली फजिती त्यांना आता भरून काढायची होती. पाहता पाहता मशीन पिवळी झाली.

"झालं," आई म्हणाली. "आता उद्यापर्यंत हात नाही लावायचा. पुजलेलं हत्यार नवमीले हलवत नसतात."

"आई, पण बाबा खाली आहेत!"

"बसले हायेत ना? बसू दे. खाली थंड हाय."

"अन् मी?" आतून ईश्वरदासजींचा आवाज आला. त्या आवाजात पहिल्यांदाच अध्यक्ष नव्हता.

मी देवरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "भाऊ, आमचं काही नाही, आम्ही हे पूजा-बिजा मानत नाही. पण मायनं हात जोडून ठेवलेल्या चीजेले मी सब्बल नाही लावणार. माय म्हणंल तवा." आईने मान हलवली, म्हणजे नाही. "अन् उद्या दसरा. उद्या आम्ही दीक्षाभूमीवर. गावाकडची पाहुणे मंडळी आजच येऊन राहिली घरी." असं म्हणून त्यांनी दोर लिंबाला पक्का बांधला, मशीन खाली सरकणार नाही याची खात्री केली आणि माणसं घेऊन गेले.

तळघराला अंगणाच्या बाजूने, जमिनीलगत एक झरोका आहे. गज लावलेला, पण त्यातून ताट आडवं करून जातं. तिथे मी ओणवा होऊन बसलो. एक प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात आला असेल, म्हणून सांगून टाकतो: सूत भिजवायला तळघरात एक मोरी आहे, आणि तिथे नळ आहे. यापलीकडे मी काही लिहिणार नाही.

ईश्वरदासजींच्या पत्नी इंदूबाई झरोक्याशी आल्या. मला वाटलं रडारड होईल. त्यांनी आत डोकावून विचारलं, "बरे हायेत ना?"

"इंदू, अगं, मी फसलो ना," आतून आवाज आला.

"पोळ्या पाठवते," त्या म्हणाल्या. उठताना मला हळूच म्हणाल्या, "घाई नको करू बाप्पा. आज घरात कसं शांत वाटून राहिलं."

संध्याकाळी झरोक्यातून पुरणपोळ्या गेल्या, अंथरूण गेलं आणि आईने एक पेटता कंदील पाठवला. थोड्या वेळाने बाबांनी आतून हाक मारली, "शरद, ते वर लुगड्यात बांधून ठेवलेलं गाठोडं हाय ना, ते दे." तुरा झरोक्यातून जाणार नव्हता, तो मशीनच्या वरच्या फटीतून, झेंडूच्या माळेला धक्का न लावता, आईनेच आत सरकवला. म्हातारपणी माणसाला आपली वस्तू उशाशी हवी असते, असा मी त्याचा अर्थ लावला. माझे अर्थ असेच असतात.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी माझ्या मनात एकच गोष्ट होती. उद्या इन्स्पेक्टर. मी सायकल काढली आणि देवरावांना शोधायला निघालो.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर एक माणूस शोधायला जाणारा माणूस एकतर नागपूरचा नसतो किंवा फार अडलेला असतो. सायकल बरीच अलीकडे ठेवावी लागली. गावोगावहून आलेली माणसं, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं, निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं, आणि नजर जाईल तिथपर्यंत पांढरे कपडे. शेवटी मी हरवलेल्यांच्या मंडपात गेलो. लाऊडस्पीकरवर एक स्वयंसेवक होता.

"कोण हरवलं?"

"देवराव."

"वय?"

"चाळिशीच्या आसपास."

"कपडे कोणते?"

"पांढरे."

त्याने एकदा समोरच्या मैदानाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मग सहानुभूतीने म्हणाला, "दादा, ते नाही हरवले. तुम्ही हरवले." आणि मी काही बोलायच्या आत त्याने जाहीर केलं: "गोळीबार चौकातले शरद हेडाऊ आमच्या मंडपात सुखरूप आहेत. कोराडीच्या देवरावभाऊंनी त्यांना घेऊन जावं." मला बाकावर बसवलं. माझ्या एका बाजूला रडणारी पोरगी होती, दुसऱ्या बाजूला एक आजी. आजीने मला पेढा दिला आणि म्हणाली, "येतीन बाप्पा तुहे लोक. रडू नको."

देवराव आले तेव्हा हसू दाबत होते. "भाऊ, तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. उद्या इन्स्पेक्टर, आत बाबा, आत ईश्वरदासजी. ते म्हणाले, "मी पहिल्यांदा इथं आलो तवा बापाच्या खांद्यावर होतो. त्या दिवसापासून एक दसरा नाही चुकला. आमच्या पाण्याच्या स्टॉलवर संध्याकाळपर्यंत माही पाळी हाय. सांजच्याला येतो, माणसं घेऊन. शब्द." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "जेवले काय?" मी जेवलो नव्हतो. त्यांच्या बायकोने पिठलं-भाकर वाढली. खाऊन झाल्यावर नुसतं कसं निघायचं म्हणून मी थोडा वेळ स्टॉलवर पाणी वाटलं. माणसं प्यायची, ग्लास परत द्यायची, पुढे जायची. कोणीही मला सल्ला दिला नाही. त्या दिवसांतला माझा तो सगळ्यांत सुखाचा वेळ.

घरी परतलो आणि अंगणात शिरतानाच थबकलो.

खटक... खटक. मग थोडं थांबून पुन्हा, खटक, खटक, खटक.

आई ओसरीवर बसली होती. ती झरोक्याकडे पाहत होती. मी जमिनीवर आडवा झालो आणि आत पाहिलं. खुंट जागेवर उभे होते. मी कोपऱ्यात रचलेल्या लाकडांचा पुन्हा माग झाला होता. कंदील खांबाला टांगलेला. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि त्यांच्या हातून धोटा इकडून तिकडे जात होता. पलीकडे ईश्वरदासजी, पूल बांधणारे ईश्वरदासजी, नुसत्या बनियनवर, मांडी घालून, चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होते.

"सैल भरू नको गा," बाबा त्यांना म्हणाले. "सूत हाय ते, सरकारी काम नाही."

"हौ, हौ," ईश्वरदासजी म्हणाले.

बाबांची पाठ किती दिवसांनी अशी ताठ दिसत होती. मला काय दिसलं ते मी सरळच सांगतो. ऑपरेशननंतर डोळे आले होते, हात होतेच, आणि तो माणूस रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सायकली पाहत बसला होता, कारण मी त्याला आराम दिला होता. घराण्यात हाताने काही न बनवणारा पहिला माणूस मी, आणि दुसरा मी माझ्या बापाला करून ठेवलं होतं.

सांजच्याला देवराव शब्दाप्रमाणे आले. आईनेही मान हलवली, या वेळी हो म्हणून. गल्ली गोळा झाली होती. सब्बल चौकटीत घालून देवरावांनी विचारलं, "सांगा भाऊ. चौकट थोडी फोडली तर खाली जाते. नाहीतर वर ओढू. खाली का वर?"

आतून खटक-खटक चालूच होतं.

माझ्या डोळ्यांपुढे उद्याचा इन्स्पेक्टर आला, तीन फेज आली, लोखंडाच्या कुरळ्या शेवया आल्या. गल्लीतले सगळे माझ्याकडे पाहत होते. वच्छलाही.

"वर," मी म्हणालो.

मशीन वर आली. येताना चौकटीचं थोडं लाकूड, सगळी झेंडूची फुलं आणि माझी उरलीसुरली इज्जत घेऊन आली. टारगटांपैकी कोणीतरी "जय देवी" म्हणालं आणि या वेळी मीच आधी हात जोडले. ती पुन्हा लिंबाखाली उभी राहिली. तिच्यासाठी अंगणातच टिनाचं छप्पर टाकायचं असं वच्छलेनेच परस्पर ठरवलं. इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी आलाच नाही. दसऱ्याची सुट्टी त्याने लांबवली होती.

ईश्वरदासजी बाहेर आले ते थेट घरी गेले नाहीत. देवरावांना सोनं देऊन झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या सकाळी येतो. तुह्या बापाच्या कांड्या संपल्या हायेत." इंदूबाईंचा चेहरा उजळला.

बाबा सगळ्यांत शेवटी वर आले. मी पाया पडलो, सोनं दिलं. त्यांनीही दिलं. मग आम्ही दोघंच तळघराच्या दाराशी उभे राहिलो. राहवेना म्हणून विचारलंच.

"बाबा, तुम्ही दरवाजा मोजला, तवा तुम्हाले माहीत होतं?"

त्यांनी सोललेल्या चौकटीवरून हात फिरवला. "तुह्या लग्नाचं धोतर मी विणलं होतं. सगळ्याइच्या मापाचं विणलं तर तुह्या पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून वीतभर जास्त विणलं. तुहा हात किती अन् माहा किती, मले माहीत नसंल?"

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू मले विचारलं, दरवाजा किती. मी सांगितलं किती. मले काय पाहिजे, ते कुठं विचारलं तू?"

मी दारातून खाली डोकावलो. खाली कंदील अजून जळत होता आणि त्याच्या पिवळ्या उजेडात अर्धी साडी ताणलेली दिसत होती.

"आता विचारतो," मी म्हणालो. "काय पाहिजे बाबा?"

ते लगेच म्हणाले. उत्तर बऱ्याच दिवसांपासून तयार असावं.

"एक बलफ लाव खाली. कोराडीत नोकरी करतं, साऱ्या दुनियेले वीज पाठवतं, अन् बाप कंदिलावर विणून राहिला."

मी ओसरीत गेलो, स्टुलावर चढलो आणि दिवा काढायला हात वर केला. माझा हात लांब आहे. सहज पुरला.